अर्धलीची शेळी

मी मेंदूचं काम करते असं सांगितलं की आमच्याकडचे लोक मला डॉक्टर समजायचे आणि डोकं दुखतंय म्हणून गोळी मागायचे. मी डॉक्टर नव्हते. हैदराबादच्या एका संस्थेत पांढऱ्या उंदरांच्या मेंदूचे पातळ काप करायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे माझं काम. शिष्यवृत्ती होती, ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागायची आणि वाढवायची की नाही हे सर ठरवायचे. सर मराठीच होते. परक्या शहरात मराठी बोलणारा साहेब मिळाला म्हणून मला सुरुवातीला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं दोन महिने टिकलं.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, हायवेपासून आत. त्या वेळी जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, आता धाराशिव म्हणतात. बाहत्तरच्या दुष्काळात माझी माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि मी तिच्याजवळ बसून सुकडी खात पाढे म्हणायचे. मी चुकले तर माय हातोडी खाली न ठेवता म्हणायची, ‘परत म्हन.’ तिला स्वतःला पाढे येत नव्हते, पण चूक झालेली तिला माझ्या आवाजावरून कळायची. आमच्या बौद्ध वस्तीतून एवढं शिकून बाहेर गेलेली मी पहिली. त्यामुळं शिष्यवृत्ती गेली तर मी परत येणार होते आणि गावातली काही माणसं त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवून बसली होती.

आता माझं घोडं कुठं अडलं होतं ते सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. तो निरोप रसायनाचा असतो आणि तो घ्यायला समोरच्या पेशीच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन असतं. त्याला ग्राही म्हणतात. ते असतं अगदी थोडं आणि डोळ्याला दिसत नाही. ते मेंदूत कुठं कुठं आहे हे बघायचं तर त्यालाच जाऊन चिकटेल, दुसऱ्या कशाला चिकटणार नाही, असं काहीतरी हाताशी हवं. त्याला प्रतिपिंड म्हणायचं. ते माणसाला घडवता येत नाही, जनावराकडून घ्यावं लागतं. शुद्ध केलेलं ग्राही जनावराला टोचायचं. जनावराचं शरीर म्हणतं, हे आपलं नव्हे, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं. मग त्याचं थोडं रक्त काढायचं, गोठू द्यायचं, वर जे पिवळसर पाणी सुटतं ते ठेवायचं. त्याला सिरम म्हणतात. सगळी करामत त्या पाण्यात.

परदेशातून अशी एक कुपी मागवली होती. ती विमानतळावर कागदपत्रांत अडकली आणि आमच्या हातात आली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. मग संस्थेतल्या सशांना टोचून बघितलं. त्या उन्हाळ्यात हैदराबादलाही पाण्याची बोंब होती. ससे हगवणीनं एकामागून एक गेले. माझ्याकडं शुद्ध केलेलं ग्राही उरलं होतं ते एखाद्या जनावरापुरतं. ते मिळवायला माझं दीड वर्ष गेलेलं.

मी सरांना म्हटलं, ‘शेळीला टोचते. आमच्या गावाकडं नेऊन.’

सर हसले. खो-खो नव्हे, नाकातल्या नाकात. ‘शेळी? आणि मग सिरम काय, दुधाच्या कासंडीत आणणार?’

‘थर्मासमध्ये आणीन.’

‘करून बघा. पण संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही. आणि दिवाळीपर्यंत चालणारं प्रतिपिंड दिसलं नाही तर शिष्यवृत्तीच्या कागदावर माझी सही विसरा.’

आमच्या जिल्ह्याची शेळी काळीभोर, उंच, काटक. जिथं गाय खाली बसते तिथं ती बाभळीच्या शेंगा खाऊन उभी असते. दोन-दोन करडं देते. सरांना शेळी म्हटल्यावर मटण आठवत असेल, मला असं जनावर आठवलं की ज्यानं आमचं घर दोन दुष्काळांतून काढलं. मी शेळीच्या अपमानानं एवढी चिडेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

मायकडं तेव्हा दोन शेळ्या होत्या. एक आमची, अंगभर काळी. दुसरीचे कान पांढरे ठिपक्याठिपक्यांचे, ती अर्धलीची. अर्धल म्हणजे जनावर दुसऱ्याचं, सांभाळायचं आपण आणि करडं झाली की निम्मी निम्मी. ठिपक्याच्या कानाची शेळी पेठेतल्या एका विधवा बाईंची होती. त्यांचं किराण्याचं दुकान, गळ्यात लिंग, घरात कानडी. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. अक्कांनी शेळी आमच्या वस्तीत दिली म्हणून त्यांच्या जावेनं दोन महिने अबोला धरला होता. अक्का तिला म्हणाल्या होत्या, ‘शेळीला जात विचारून ये, मग बोल.’

ह्या अर्धलीपायी माय फार कडक वागायची. आपल्या शेळीला एक फांदी टाकली की अर्धलीच्या शेळीला तशीच फांदी, आणि तिला आधी. दुष्काळात लांबून डोक्यावर आणलेलं पाणीसुद्धा आधी ठिपक्याच्या कानाची प्यायची. ‘दुसऱ्याचं जनावर आपल्या दावनीला असलं की आधी त्याचं बघावं,’ माय म्हणायची. ‘आपलं मेलं तर आपन रडू. त्यांचं मेलं तर लोक म्हनतील, ह्यांच्याकडं दिलं म्हनून मेलं.’ लोक आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. माझ्या मायनं ती म्हण उलटी करून जन्मभर वापरली आणि लहानपणी तिचा मला फार राग यायचा.

मी गावी आले ती एक पेटी, सुया, काचेच्या नळ्या आणि बर्फातल्या चार कुप्या घेऊन. पहिल्या दिवशी दोन्ही शेळ्यांच्या मानेच्या शिरेतून थोडं थोडं रक्त काढलं. टोचण्याआधीचं रक्त ठेवावं लागतं, नंतरच्याशी ताडून बघायला. मग एक कुपी आमच्या काळ्या शेळीला पाठीवर चार-पाच ठिकाणी कातडीखाली टोचली. ठिपक्याच्या कानाचीला काही द्यायचं नव्हतं. न टोचलेली एक शेळी शेवटपर्यंत तशीच हवी होती. दोघी एकाच दावणीच्या, एकच चारा खाणाऱ्या. फरक फक्त त्या कुपीचा. प्रतिपिंड चिकटलं की मेंदूच्या कापावर रंग आणता येतो. तो एकीच्याच रक्तानं आला, तर प्रतिपिंडाचा.

मायला मी म्हटलं, ‘उरलेल्या तीन कुप्या दर पुनवेला एक, आपल्या काळीला. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला मी दाखवून ठेवलंय, तो येऊन टोचंल. हिला काही द्यायचं न्हाय.’

‘का म्हनून?’

‘न्हाय द्यायचं. ही तशीच राहू दे.’

‘बरं,’ माय म्हणाली.

इथं माझी चूक झाली, ती कबूल करते. का द्यायचं नाही हे मी तिला सांगितलं नाही. मी काही विचारल्यावर सरांनी ‘तुम्हाला काय कळणार’ अशा तोंडानं बघितलं की माझा जळफळाट व्हायचा आणि मीच माझ्या मायला त्याच तोंडानं उत्तर दिलं. शिवाय तिच्या त्या ‘बरं’चा अर्थ मला पंचवीस वर्षं माहीत होता. पटलं असेल तर माय ‘व्हय’ म्हणायची. पटलं नसेल तर ‘बरं’ म्हणायची.

कुप्या थंड ठेवायला गावात फ्रीज एकच, दूध सोसायटीचा. आणि रक्ताचं पाणी नितळ करायला नळ्या गरगर फिरवाव्या लागतात, ते यंत्रही तिथंच. दुधाची फॅट काढायला हातानं फिरवायचं गोल यंत्र असतं ना, तेच. माझ्या नळ्या त्यात बरोबर बसत होत्या. मी आधीच्या सुट्टीत मापून गेले होते.

माय आणि मी गेलो तर सोसायटीचे सेक्रेटरी दारातच उभे राहिले. ‘दुधाच्या यंत्रात रगत फिरवायचं? लोक काय म्हनतील?’

‘धुऊन देते. उकळत्या पाण्यानं धुऊन देते,’ मी म्हटलं.

‘प्रश्न धुन्याचा न्हाय,’ ते म्हणाले आणि मायकडं बघून गप्प झाले.

प्रश्न कशाचा होता ते तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं. आमच्या वस्तीतलं दूध सगळ्यांचं मोजून झाल्यावर शेवटी मोजलं जायचं. नियमात तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी तोंड उघडणार एवढ्यात माय पुढं झाली.

‘सेक्रेटरी साहेब, म्या सभासद हाय का न्हाय?’

‘हाय की. पन तुमची म्हस तर दोन सालाखालीच इकली.’

‘म्हस इकली. शेर न्हाय इकला. ह्या फ्रीजात माझा वाटा हाय आन् त्या यंत्रातबी हाय. यंदा दूध कुटं यायलंय? रिकामा फ्रीज राखत बसलाव तुमी. माझ्या वाट्याचा एक कप्पा द्या, बाकीचा तुमाला ऱ्हाऊ द्या.’

सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. मायचं नाव होतं. अंगठा होता. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि कोणता कप्पा हवा ते विचारलं. मी यंत्राची मूठ फिरवत असताना माय शेजारी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, ‘जरा जोरानं फिरव, घाबरायलीस कशाला, आपलंच हाय.’

मी हैदराबादला परत गेले. पावसाळ्यात पाऊस नव्हताच. मायचं दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं एक पोस्टकार्ड आलं, त्यात तीन वाक्यं होती. शेळ्या ठीक हायेत. पुनवेला औषद दिलं. तू जेवत जा.

दसऱ्याच्या आसपास मी गावी येऊन दोघींचं रक्त काढलं, सोसायटीच्या यंत्रात फिरवलं, उमरग्याच्या सोडावाल्याकडून बर्फ घेतला आणि सकाळची एसटी धरली. थर्मास मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘काय हाय वो त्याच्यात?’ मी म्हटलं, ‘शिष्यवृत्ती.’ तिला ते एखादं औषध वाटलं असावं, कारण तिनं कशावर लागू पडतं असं विचारलं.

मेंदूच्या कापावर सिरमचा थेंब टाकायचा, धुवायचा, मग रंग आणणारं दुसरं द्रावण. प्रतिपिंड जिथं चिकटलं तिथं तपकिरी रंग येतो. काळ्या शेळीच्या टोचण्याआधीच्या सिरमनं काहीच आलं नाही, काप कोरा. टोचल्यानंतरच्या सिरमनं रंग आला. सगळीकडं फासल्यासारखा नव्हे. जिथं ग्राही असायला हवं असं आम्ही मानत होतो नेमका तिथं, पट्ट्यापट्ट्यांत. मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन आले आणि परत बघितलं. रंग होता. मला खूप आनंद झाला, आणि तो सांगायला त्या अख्ख्या इमारतीत एकही माणूस नव्हता.

मग ठिपक्याच्या कानाचीचं सिरम लावलं. तो काप कोरा यायला हवा होता.

तो तपकिरी आला. तिथंच, तशाच पट्ट्यांत. काळीपेक्षा थोडा फिका, पण तोच.

न टोचलेल्या शेळीच्या रक्तानंही तोच रंग येत असेल तर आधी मनात एकच अर्थ येतो. तो प्रतिपिंडाचा नाही. शेळीच्या रक्तातच काहीतरी आहे जे न टोचताही तिथं चिकटतं. माझं दीड वर्ष, उरलेलं ग्राही, मायच्या तीन पुनवा, सगळं पाण्यात.

सरांनी दोन्ही काप बघितले. त्यांना वाईट वाटलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. ‘मी सांगत होतो,’ ते म्हणाले. ‘नळ्या बदलल्या असतील, नाहीतर शेळ्याच बदलल्या असतील. तिथं कुणाला कोणती शेळी कोणती हे काय कळतंय? अयशस्वी म्हणून लिहा आणि संपवा.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नळ्यांचं मी मान्य केलं असतं. पण शेळ्या बदलल्या? माझी माय डोळे मिटून नुसत्या ओरडण्यावरून कळपातली आपली शेळी सांगायची. मी म्हटलं, ‘सर, ठिपक्याच्या कानाचीचं आधीचं सिरमही मी लावून बघितलं. ते कोरं आहे आणि नंतरचं रंगतंय. रक्तातच दोष असता तर आधीही रंग आला असता. मधल्या काळात काहीतरी झालंय.’

‘आधीचं सिरम खराब झालं असेल. दूध सोसायटीच्या फ्रीजमध्ये आणखी काय होणार?’

‘मला चार दिवस द्या.’

‘दिवाळी आठवड्यावर आली आहे,’ ते म्हणाले आणि समोरची फाईल उघडली.

मी त्याच दिवशी निघाले. गावात पोचले तेव्हा माय अंगणात बसून शेळ्यांपुढं कडुनिंबाचा पाला टाकत होती आणि दारातल्या बाजेवर अक्का बसल्या होत्या. पेठेतल्या बाया आमच्या वस्तीत येऊन बाजेवर बसत नसत. अक्का बसायच्या. मी चप्पल न काढता विचारलं, ‘माय, मी गेल्यावर ठिपक्याच्या कानाचीला काय झालं?’

‘काय व्हायचं? ठणठणीत हाय.’

‘तिला काय दिलंस?’

‘जे हिला दिलं तेच तिला.’

‘म्हणजे कुपीसुद्धा?’

‘व्हय,’ माय म्हणाली. बरं नव्हे, व्हय. ‘निम्मी हिला, निम्मी तिला. तीनी पुनवेला. कंपाउंडर न्हाय म्हनत व्हता. म्या म्हनलं, माझ्या दावनीचा कायदा माझा हाय, तू सुई धर.’

मी खाली बसले. आधी रागच आला, तो लपवत नाही. ‘तुला मी सांगितलं होतं, हिला द्यायचं नाही. का दिलंस?’

‘का द्यायचं न्हाय ते सांगितलंस का?’ माय म्हणाली. ‘रोगराईचं साल. म्या म्हनलं, पोरीनं हैदराबादहून चांगलं औषद आनलंय, आन् म्हनायलीय आपल्या शेळीला दे, त्यांच्या शेळीला देऊ नगं. हेच शिकून आली का? उद्या अक्काची शेळी मेली आन् आपली जगली, तर म्या कुनाला तोंड दाखवू? तुझ्या सायबाची शेळी असती तर न्हाय दिलं असतं. अर्धलीच्या शेळीला कसं न्हाय देऊ?’

 अक्कांनी पाल्याचा एक डहाळा उचलून आमच्या काळ्या शेळीपुढं टाकला.

आणि मग मला हसू यायला लागलं. थांबेचना. माय घाबरली, ‘रडायलीस का हसायलीस?’ म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, जे सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. कुपीत औषध नव्हतं, उंदराच्या मेंदूतलं काहीतरी होतं, शेळीच्या अंगानं त्याच्याविरुद्ध काय तयार केलं, एकीला द्यायचं आणि एकीला का नाही. मायनं नीट ऐकलं. शेवटी म्हणाली, ‘मंजे दोघींनीबी काम केलं.’

दोघींनी काम केलं होतं. मला एक शेळी टोचायची होती, माझ्याकडं आता दोन टोचलेल्या होत्या. दोघींचं आधीचं रक्त कोरं, दोघींचं नंतरचं रंगलेलं, आणि रंग त्याच जागी. एकीच्या बाबतीत योगायोग म्हणता आला असता. दोघींच्या बाबतीत तसं म्हणायला फार निगरगट्ट माणूस लागला असता.

न टोचलेली शेळी हवीच होती, म्हणून शेजारच्या घरच्या एका शेळीचं थोडं रक्त घेतलं आणि परत गेले. शिवाय एक शेवटची परीक्षा होती. नळीच्या तळाशी उरलेलं चिमूटभर शुद्ध ग्राही आधी सिरममध्येच मिसळायचं. प्रतिपिंड खरंच त्याचं असेल तर तिथंच त्याला धरून बसेल आणि कापावर रंग येणार नाही. मी दोन्ही शेळ्यांच्या सिरमला तसं केलं. दोन्ही काप कोरे आले. शेजारच्या शेळीचाही कोरा. न मिसळलेले दोन्ही तपकिरी. सगळे काप मी सरांच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि शेळ्या बदलल्या नव्हत्या एवढंच म्हणाले.

सर हुशार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना एका नजरेत कळलं. ते म्हणाले, ‘उत्तम. आपण दोन जनावरं टोचली असं लिहू.’ आपण. सहा महिने संस्थेचा संबंध नव्हता, आता आपण झालो.

मी लेख लिहून दिला. शेवटी आभाराच्या जागी एक ओळ होती. दोन्ही शेळ्या सांभाळून त्यांना टोचवून घेणाऱ्या आणि दुसरी शेळी देणाऱ्या उमरगा तालुक्यातल्या दोन बायकांची नावं आणि त्यांचे आभार. लेख परत आला तेव्हा त्या ओळीवर लाल रेघ होती. मी ओळ पुन्हा लिहिली. पुन्हा रेघ आली.

सरांनी बोलावलं. ‘हे शास्त्रीय नियतकालिक आहे. शेळ्या राखणाऱ्यांचे आभार मानत नाहीत. संस्थेतल्या जनावरांवर काम केलं एवढं लिहा. तुमचा शिष्यवृत्तीचा कागद माझ्या खणात आहे, लेख नीट झाला की लगेच सही करतो.’

आता हे स्पष्टच झालं. एका बाजूला माझी जागा, दुसऱ्या बाजूला ती ओळ. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही.  बाहत्तरची खडी डोळ्यांपुढं आली, सेक्रेटरी आठवले, गावात परत गेले तर कोण काय बोलेल तेही शब्दन् शब्द ऐकू आलं. पण त्याच वेळी मायचा आवाजही आठवला. म्हस इकली, शेर न्हाय इकला.

मी म्हटलं, ‘सर, एक अडचण आहे. दुसरी शेळी अर्धलीची आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तिच्यापासून जे निघेल त्यातलं निम्मं मालकिणीचं. सांभाळणाऱ्याचं निम्मं माझ्या मायचं. सिरम तिच्यापासूनच निघालं, म्हणजे त्या सिरममध्ये संस्थेचा वाटा नाही, आणि माझाही नाही. आमच्याकडं हा कायदा कागदावर नसतो, पण तो मोडणाऱ्याच्या घरी कुणी जनावर बांधत नाही. त्या दोघींनी वाटा म्हणून एवढीच ओळ घ्यावी, असं मी त्यांच्या वतीनं ठरवलंय. ओळ गेली तर सिरमही गावी जाईल. मग लेखात एकच शेळी उरेल, आणि एकीच्या रंगाला लोक योगायोग म्हणतील हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.’

मी थर्मास बरोबरच नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि हात त्याच्या झाकणावर ठेवला. सरांनी एवढं उद्धट कुणी बोललेलं बहुतेक ऐकलं नव्हतं. ते लाल झाले. ‘तुम्ही मला धमकी देताय?’

‘नाही सर. वाटणी सांगतेय.’

 मी थर्मास उचलून बाहेर आले. चार दिवस मी रोज प्रयोगशाळेत जात होते आणि रोज सामान बांधायचं की नाही याचा विचार करत होते. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर दोन कागद होते. शिष्यवृत्तीचा, सही केलेला. आणि लेखाचं शेवटचं पान. लाल रेघ होती तिथंच, पण तिच्या खाली सरांच्या अक्षरात ‘राहू द्या’ लिहिलं होतं. ते त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही नीट कधी बोलले नाहीत. मी ते फार मनाला लावून घेतलं नाही.

छापून आल्यावर मी तो अंक घेऊन गावी गेले. अक्कांना बोलावून आणलं. दोघींना बाजेवर बसवलं आणि पान उघडून ओळीवर बोट ठेवलं. दोघींनाही वाचता येत नव्हतं. अक्कांनी पानावरून हात फिरवला. मायनं विचारलं, ‘वाटा बरुबर झाला का?’

‘झाला. ही बघ दोघींची नावं.’

‘आधी कुनाचं हाय?’

मला वाटलं नव्हतं ती हे विचारेल. मी म्हटलं, ‘तुझं.’

मायचा चेहरा पडला. ती अक्कांकडं बघेना. ‘एवढं शिकून तुला ह्ये कळंना?’ ती हलक्या आवाजात म्हणाली. ‘जनावर त्यांचं. आधी त्यांचं नाव पायजे व्हतं. तू आपलं आधी घातलंस.’

अक्का म्हणाल्या, ‘इल्ला, इल्ला, असू दे की,’ पण माय ऐकेना. पुसता येतं का म्हणून तिनं मला दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. छापलेलं पुसता येत नाही हे खरंच होतं, पण येत असतं तरी मी पुसलं नसतं. जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जिचं दूध मोजलं गेलं, तिचं नाव एका ठिकाणी पहिलं लागावं म्हणून मी तो दुजाभाव समजून-उमजून केला होता. मायला त्याची लाज वाटली. मला नाही वाटली.